नारायण पेठेतला गणिताचा क्लास: दोन वर्षांचा अनुभव (५ पैकी ४.५)

माझी मुलगी आता पाचवीत आहे. तिसरीच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर हा क्लास लावला, म्हणजे दोन वर्षं झाली, आणि मधल्या काळात इतक्या आयांनी फोन करून विचारलंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. क्लासला नाव नाहीये. नारायण पेठेत एका जुन्या वाड्याच्या दारावर छोटी पाटी आहे, 'गणित, दुसरा मजला' एवढंच. बाईंचं नाव मी लिहीत नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. मराठी शाळेत तीसेक वर्षं गणित शिकवून रिटायर झाल्यात.

क्लास का लावला ते आधी सांगते. मी आणि नवरा दोघं संध्याकाळी सातच्या आत घरी येत नाही, त्यामुळे मुलीचा अभ्यास माझे बाबा घेतात. बाबांचा जन्म १९४८ चा. त्यांनी तिला वजाबाकी शिकवली ती त्यांच्या पद्धतीने. ५२ वजा २७. दोनातून सात जात नाहीत, बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन, उत्तर २५. शाळेत शिकवलेलं असं की ५ दशकांतला एक दशक सुटा करायचा, वरचा ५ खोडून ४ लिहायचा आणि २ चे १२ करायचे. हिने पेपरात आजोबांसारखं केलं, वर काहीच खोडलं नाही, खालच्या २ शेजारी बारीक १ लिहिला. उत्तर बरोबर आणि त्यावर लाल फुली. शाळेत विचारायला गेले तर म्हणाले स्टेप्स पुस्तकाप्रमाणे नाहीत, घरी जुन्या पद्धतीने शिकवू नका, मूल कन्फ्यूज होतं. बाबांना हे सांगताना मला फार वाईट वाटलं. ते म्हणाले, "अगं, मग मी नको घेऊ का तिचा अभ्यास?" आणि पुढचे आठ दिवस त्यांनी खरंच घेतला नाही.

त्याच्या आधी आम्ही दोन गोष्टी करून बघितल्या होत्या. एक अबॅकसचा क्लास, वर्षाची फी एकदम भरून घेतली, मणी सरकवायला मुलीला आवडायचं आणि बेरजेचा स्पीडही आला, पण किराणाच्या दुकानात "पन्नासची नोट दिली, सदतीस झाले, परत किती येतील" विचारलं की ती माझ्या तोंडाकडे बघायची. दुसरं एक अ‍ॅप होतं, बरोबर उत्तराला स्टार, चुकलं की लगेच पुढचं गणित. का चुकलं ते कुणीच सांगत नव्हतं. त्या दोन्हीवर आणखी लिहीत नाही.

तर बाईंकडचा पहिला दिवस. बाबाच तिला सोडायला गेले होते, मी ऑफिसमधून थेट पोचले. बाईंनी वही बघितली, ती लाल फुली बघितली आणि बाबांना म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही बसा, तुमची रीत तुम्हीच फळ्यावर करून दाखवा." बाबा थोडे बिचकले पण उठले आणि त्यांनी केली. मग बाईंनी आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे काढले, रबर लावलेले. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या, एका गठ्ठ्याचा रबर मुलीलाच सोडायला लावला, बारा सुट्या झाल्या, त्यातल्या सात बाजूला, उरलेल्या चार गठ्ठ्यांतले दोन बाजूला, राहिल्या २५. ही शाळेची रीत. इथवर कुणीही शिकवेल. पण मग त्या म्हणाल्या, आता आजोबांची रीत का चालते ते बघू. समज आई ५२ वर्षांची आहे आणि मुलगी २७ ची. फरक किती? दहा वर्षं गेली, आई ६२, मुलगी ३७. फरक बदलला का? नाही बदलला. आजोबांनी नेमकं तेच केलं, वरच्या संख्येला दहा दिले ते एककाच्या घरात, म्हणून २ चे १२ झाले, आणि खालच्या संख्येलाही दहा दिले ते दशकाच्या घरात, म्हणून २ चे ३ झाले. दोघांचं वय सारखंच वाढवलं. हातचा म्हणतात तो हाच.

मी स्वतः बी.कॉम. आहे, जन्मभर हातचा घेतला, पण तो का घ्यायचा हे मला त्या दिवशी कळलं. आणि बाबा ७५ वर्षांचे असताना त्यांनाही त्याच दिवशी. घरी येताना रिक्षात ते दोनदा म्हणाले, "आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही गं, नुसतं घोकून घेतलं." दुसऱ्या दिवसापासून अभ्यास परत सुरू झाला. माझ्यासाठी या क्लासची सगळी फी तिथेच वसूल झाली.

आता क्लासमध्ये नक्की काय करतात. शनिवार-रविवार सकाळी दीड-दीड तास, एका बॅचला आठच मुलं. वर्कशीट नाही. साधी चौकटीची वही, काड्या, चिंचोके, दोरी, फूटपट्टी आणि बाईंचा एक पत्र्याचा डबा, त्यात जुनी नाणी. हा डबा मुलांचा सगळ्यात आवडता. त्यात आणा आहे, दोन आणे आहेत, 'नये पैसे' लिहिलेली नाणी आहेत, चार आणे म्हणून आम्ही ज्याला ओळखायचो ते २५ पैसे आहेत, जे २०११ च्या जूनअखेर चलनातून गेले. बाईंनी मुलांना सांगितलं की आधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नये पैसे झाले. बाबा तेव्हा तिसरीत होते, मागच्या खुर्चीवरून मध्येच सांगायला लागले की एका आण्याचे सव्वासहा नये पैसे होत होते, मग दुकानदार सहा देणार की सात यावरून रोज वाद, आणि शाळेत गुरुजींनी आधी घोकून घेतलेलं सगळं एका वर्षात मागे पडलं.

मागे पडलं ते काय, हे मला नीट माहीत नव्हतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा असल्या अपूर्णांकांचे पाढे. ही नावं आजीकडून ऐकलेली, पण मला वाटायचं ती नुसती पाठांतराची हौस असेल. बाईंनी एक गणित घातलं, सात शेर ज्वारी, साडेतीन आणे शेर, किती झाले? मुलं वहीत मांडायला लागली तेवढ्यात बाबा म्हणाले, सात औटे साडेचोवीस, म्हणजे एक रुपया साडेआठ आणे. वर्गात एकदम शांतता. औट म्हणजे साडेतीन. आपण 'औट घटकेचं राज्य' म्हणतो त्यातलं औट, घटका २४ मिनिटांची, म्हणजे ते राज्य ८४ मिनिटांचं. मुलांनी ते लगेच वहीत मांडून तपासलं. रुपयाचे सोळा, शेराचे सोळा छटाक, मणाचे चाळीस शेर असा सगळा बाजार पाव-अर्धा-पाऊणवर चालत होता म्हणून ते पाढे, आणि दशमान पद्धत आली तशी त्यांची गरज संपली. आता ३.५ गुणिले ७ करायला ३५ सत्ते २४५ करायचं आणि एक घर सोडून टिंब द्यायचं, एका पाढ्यात काम झालं.

म्हणजे बाई 'जुनं ते सोनं' वाल्या नाहीत, हे मुद्दाम सांगते, कारण वाड्यातला क्लास म्हटलं की लोकांना तसंच वाटतं. त्या स्वच्छ सांगतात की औटकी आज पाठ करायची गरज नाही, ती का होती हे कळलं की पुरे. पण ३० पर्यंतचे पाढे मात्र पाठ पाहिजेत, त्यात सूट नाही, रोज दिवेलागणीला परवचा म्हणायचा आणि मोठ्यांनी तो ऐकायचा. माझ्या मुलीला सतरा आणि एकोणीसने फार दमवलं. पण भागाकारात त्याचा किती उपयोग होतो ते आता दिसतंय, चारअंकी भागाकार करताना ती अडकत नाही.

आकड्यांच्या नावांवर बाईंनी जवळजवळ दोन महिने घालवले. आमच्या बॅचमध्ये निम्मी मुलं इंग्लिश मीडियमची आणि दोघं-तिघं सेमी इंग्लिशची, त्यांना 'त्रेसष्ट' म्हटलं की ती ३६ लिहितात, 'एकोणपन्नास' म्हटलं की ५९ लिहितात. माझी मुलगीही त्यातच. आजी भाजीवाल्याशी बोलते ते या मुलांना निम्मं कळत नाही, हे मला तिथे बसल्यावर समजलं. बाईंचं म्हणणं, चूक मुलांची नाही, आपण मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, कान एकीकडे आणि हात दुसरीकडे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' असंही आलं होतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते पुण्यात सगळ्यांना आठवत असेल. त्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, आणि त्यांनी हेच कारण दिलं होतं, की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे लहान मुलं गोंधळतात, कानडी-तेलुगूत दशक आधी येतो तसं केलं तर सोपं जाईल. तेव्हा मीसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर त्या विरोधातले मेसेज पुढे पाठवले होते, पुस्तक न बघता. ते चुकलंच. नारळीकर बाई २०२३ मध्ये गेल्या.

बाई मात्र दोन्ही वापरतात. आधी वीस एक, वीस दोन म्हणत गठ्ठे मांडायचे, ते हातात बसलं की एकवीस, बावीस. आणि एकोणतीस म्हणजे तीसाला एक कमी, 'एकोण' म्हणजे एक उणा, हे सांगितल्यावर मुलांनी स्वतःच एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ ओळीने बरोबर लिहिले. आता माझी मुलगी मंडईत आजीचा हिशोब करते, मराठीत.

शाब्दिक उदाहरणांचं पण सांगायला हवं. शाळेच्या ओरिएंटेशनमध्ये आम्हाला प्रेझेंटेशन दाखवलं होतं की आता गणित जीवनाशी जोडून शिकवतात, ही नवी पद्धत आहे. बाईंनी एका शनिवारी भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं भुंग्यांचं उदाहरण घातलं. भुंग्यांचा थवा, पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलांवर, या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट कुड्याच्या झाडावर, आणि एक भुंगा राहिला तो दोन फुलांच्या वासाने मध्येच घिरट्या घालतोय, तर एकूण भुंगे किती? बीजगणित न आलेल्या मुलांनी ते चिंचोक्यांनी सोडवलं. पाचाने आणि तिनाने भाग गेला पाहिजे म्हणून आधी १५ घेऊन बघितले, तीन गेले, पाच गेले, फरक दोन, त्याची तिप्पट सहा, झाले चौदा, राहिला एक. पहिल्याच फटक्यात जमलं तर अख्खा वर्ग ओरडला. हे ११५० सालचं आहे म्हटल्यावर मुलांचा विश्वास बसेना. आमच्या शाळेत आम्हाला नळ आणि हौदाची गणितं होती, गाईडमधून तोंडपाठ केलेली, संख्या बदलली की आम्ही संपलो. नववीत 'संच' हा धडा होता, त्या गोल-गोल वेन आकृत्या मी छान रंगवल्या होत्या, कशासाठी ते दहावी झाल्यावरही कळलं नाही. वडील आणि मी, दोघं वेगवेगळ्या काळात शिकलो, पुस्तकं पूर्ण वेगळी, पण 'असं का' विचारलं की दोघांनाही खाली बसवलं गेलं.

महिन्यातून एका रविवारी खेळ असतो. त्यातला कापरेकरांचा खेळ आमच्या घरात अजून चालू आहे. कुठलीही चारअंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा, येईल तिच्यावर परत तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतंच, आणि पुढे तेच येत राहतं. बाबांनी त्यांचं जन्मवर्ष घेतलं, १९४८. ९८४१ वजा १४८९, आले ८३५२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. दोन पायऱ्यांत संपलं. मुलीने तिचं घेतलं, २०१५. ५२१० वजा ०१२५ पासून सुरुवात, ५०८५, मग ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४. पूर्ण सात. तिला आपलं वर्ष सगळ्यात लांबचं निघालं याचा इतका आनंद झाला की रात्री झोपेपर्यंत तिने शेजारच्यांची सगळ्यांची वर्षं करून टाकली, आणि प्रत्येक वजाबाकी हातच्याची, तीच वजाबाकी जिच्यावर एकेकाळी फुली होती. द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेतले शिक्षक, शिकले आपल्या फर्ग्युसनमध्ये. फर्ग्युसन म्हटलं की मुलांना फक्त तो रस्ता आणि कपड्यांची दुकानं माहीत, तिथले प्राचार्य रँग्लर परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला गणितात पहिले आले होते हे पुण्याच्या मुलांना माहीत नसावं याचं बाईंना फार वाईट वाटतं, आणि मलाही.

आता अर्धा स्टार का कापला.

एक, जी मुलं आधीच पुढे आहेत त्यांच्यासाठी वेग फार कमी आहे. आमच्या बॅचमधला एक हुशार मुलगा काड्या मांडून कंटाळला, त्याला डोक्यात उत्तर आलेलं असायचं आणि बाई म्हणायच्या मांडून दाखव. चार महिन्यांत त्याने सोडलं. अशा मुलाला वेगळं काही द्यायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं आणि मी ते बाईंना बोलले पण. ज्यांचं मूल ऑलिंपियाडकडे जाणारं आहे त्यांनी भास्कराचार्य प्रतिष्ठानमध्ये चौकशी करावी, गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेली संस्था आहे, तिथे मोठ्या मुलांची तयारी करून घेतात.

दोन, शिष्यवृत्तीची तयारी इथे होत नाही. बाई सांगतात तशी, "मी घाई शिकवत नाही." त्यांचं बरोबर असेलही, पण दीड तासात ७५ प्रश्न सोडवायचे असतात, तेव्हा स्पीड लागतोच, आणि आम्हाला त्यासाठी घरी वेगळी वेळ लावून बसावं लागतं. पहिल्या वर्षी युनिट टेस्टचे मार्क थोडे खालीच आले होते. ज्यांना दोन महिन्यांत रिझल्ट हवाय त्यांना हा क्लास पटणार नाही. आमचे मार्क चौथीच्या दुसऱ्या सहामाहीपासून सुधारले.

तीन, परीक्षा नाही, रिपोर्ट नाही, पालकांचा ग्रुप नाही. मूल कुठवर आलंय हे कळायला स्वतः जाऊन बसावं लागतं. जिना लाकडी आणि उभा आहे, गुडघेदुखीवाल्यांनी जपून. पार्किंगचं नावच काढू नका, आम्ही आनंदनगरहून मेट्रोने डेक्कनला उतरतो आणि लकडी पुलावरून चालत जातो, गणपतीच्या दिवसांत क्लास बंदच असतो.

फी महिना १२०० रुपये, दर महिन्याला द्यायची, वर्षाची एकदम घेत नाहीत, मधे सोडलं तर प्रश्न नाही. भावंडं असतील तर दुसऱ्याची निम्मी. तिसरी ते सातवी घेतात, सातवीच्या पुढे नाही. वही आणि पट्टी आपली, बाकी सगळं तिथे असतं. आइस्क्रीमच्या काड्या साठवून नेल्या तर बाई खूश होतात, धुऊन वाळवून न्या.

शाळेचं पुढे काय झालं असं बऱ्याच जणींनी विचारलंय. चौथीत मुलीने पेपरात परत हातच्याने वजाबाकी केली आणि शेजारी समासात पेन्सिलने लिहिलं, 'दोघांना दहा-दहा दिले'. त्या वर्षीच्या टीचरनी तिला वर्गात बोलावून फळ्यावर समजवायला लावलं आणि पूर्ण मार्क दिले. त्या टीचर नवीन होत्या, त्यांनी मला फोन करून बाईंचा पत्ताही घेतला.

जूनची बॅच मार्चमध्येच भरते, दिवाळीनंतर एखादी जागा होते, त्यासाठी आत्ताच जाऊन वहीत नाव लिहून यावं, फोनवर नाव घेत नाहीत. आजी-आजोबांना बसायला मागे दोन खुर्च्या आहेत, त्याची फी नाही. एका खुर्चीवर शनिवारी बाबा असतात, दुसरी रिकामी आहे.